शब्दांच्या सहवासात : ‘अधिकारी’

गेल्या महिन्यात एका दाखल्यासाठी मला एका कचेरीत जावे लागले. कचेरी कोणती, हे सांगण्यात स्वारस्य नाही. प्रत्येक वाचकास स्वतःच्या अनुभवातील एखादी कचेरी तेथे खुशाल घालता येईल. अर्ज देऊन तीन आठवडे लोटले होते. खिडकीपाशी उभे राहून मी विचारले, “दाखला केव्हा मिळेल?” आतील गृहस्थ मान वर न करता म्हणाले, “अधिकारी नाहीत.” “केव्हा येतील?” असे मी पुन्हा विचारताच त्यांनी मान वर केली आणि म्हटले, “ते विचारण्याचा तुम्हांला काय अधिकार?”

मी निमूटपणे घरी परतलो. विश्रांतवाडीस आमच्या घरी संध्याकाळच्या चहाला सगळी मंडळी एकत्र बसतात, तेथे ही हकीकत निघाली. धाकटे बंधू संतापले, सूनबाईंना हसू आवरेना. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र निराळाच मुद्दा काढला. “अहो, त्या माणसाच्या तोंडी एकच शब्द दोनदा आला, एकदा साहेबासाठी आणि एकदा तुमच्यासाठी. साहेबाजवळ तो आहे आणि तुमच्याजवळ नाही, असे कसे? सगळा जन्म मुलांना शब्द शिकवण्यात घालवलात, आता हा आम्हांला सांगा.” बंधूंचा मुलगा जवळच अभ्यासाला बसला होता. गेली चार वर्षे तो लोकसेवा आयोगाच्या परीक्षेमागे आहे. त्यानेही पुस्तक मिटले. त्या संध्याकाळी जे बोलणे झाले, तेच थोडे नीट लावून या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘कृ’ म्हणजे करणे, आणि ‘अधि’ म्हणजे वर. ‘अधि’ हा उपसर्ग लागून ‘अधिकृ’ झाले म्हणजे ‘एखाद्या कामावर ठेवणे, नेमणे’ असा अर्थ होतो. त्यापासून अधिकार, आणि अधिकार ज्यास आहे तो अधिकारी. ज्यास नेमले तो अधिकृत. येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या धातूत ‘माणसांच्या वर बसणे’ असा अर्थ मुळात नाही. ‘कामावर असणे’ असा आहे. ‘अधि’चा संबंध कामाशी आहे. पुढे कामाच्या जागी माणसे आली, आणि कामावरचा मनुष्य माणसांवरचा झाला. एवढ्याशा सरकण्यात सगळा घोटाळा आहे.

व्याकरणशास्त्रात हा शब्द फार सुंदर अर्थाने येतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत काही सूत्रांस अधिकारसूत्रे म्हणतात. त्यांचे वैशिष्ट्य असे की, अधिकारसूत्र आपल्या जागी स्वतः कोणतेच कार्य करीत नाही. ते पुढील सूत्रांत जाऊन बसते, आणि त्या सूत्रांचे काम त्याच्यामुळे पुरे होते. शिवाय त्याचा अंमल कोठपर्यंत, याची मर्यादा ठरलेली असते. तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात धातूंचा जो अधिकार सुरू होतो, तो तो अध्याय संपेपर्यंत चालतो, आणि तेथे थांबतो. स्वतःची मिरवणूक न काढता इतरांच्या कामास अर्थ देणे आणि सीमा आली की थांबणे, हे पाणिनीच्या अधिकाराचे लक्षण. मी सेवानिवृत्त होऊन विश्रांतवाडीत राहावयास आलो, तेव्हा गावाच्या नावावरून मित्रांनी थट्टा केली होती. ‘विश्रांत’ म्हणजे श्रम संपून स्वस्थ झालेला. अधिकार संपल्यावर स्वस्थ होता येणे, हीही एक विद्याच आहे.

मीमांसकांनी या शब्दाचा विचार सर्वांत खोल केला. जैमिनींच्या सूत्रांतील सहावा अध्याय याच विषयास वाहिलेला आहे. यज्ञ करावा असे वेदाने सांगितले. पण कोणी करावा? ज्यास फळाची इच्छा आहे, ज्याच्या अंगी ते कर्म तडीस नेण्याचे सामर्थ्य आहे आणि ज्यास त्या कर्माचे ज्ञान आहे, तो अधिकारी. लौगाक्षिभास्कराने अर्थसंग्रहात अधिकाराचा संबंध फलस्वाम्याशी, म्हणजे कर्मापासून मिळणाऱ्या फळाच्या मालकीशी, लावला आहे. गीतेने दुसऱ्या अध्यायातील ४७व्या श्लोकात हाच शब्द उचलला आणि त्याची दिशाच पालटली. मीमांसक अधिकार म्हणताना फळाची मालकी पाहत होते. भगवंतांनी अधिकार कर्मापुरता ठेवला आणि फळावरून तो काढून घेतला. तो श्लोक आपल्या घरांतून लहान मुलांनाही पाठ असतो, परंतु त्यातील ‘अधिकार’ या शब्दापाशी आपण थांबत नाही. वेदान्तातही ग्रंथारंभी अधिकारी कोण हे सांगण्याचा परिपाठ आहे. सदानंदाच्या वेदान्तसारात विवेक, वैराग्य, शमदमादि सहा गुण आणि मोक्षाची तळमळ हे ज्याच्या अंगी आहे, तो अधिकारी म्हटला आहे. तेथे शिपाई नाही, मोटार नाही, दारावरची पाटी नाही. केवळ अंगची योग्यता आहे.

मग हा शब्द कचेरीत कसा आला? राजाने कामावर नेमलेल्या माणसास संस्कृतातही अधिकृत, अधिकारी म्हणत असत. अशोकाच्या तिसऱ्या शिलालेखात युत, राजुक आणि प्रादेशिक अशी राजपुरुषांची नावे आढळतात. त्यांतील युत म्हणजे युक्त, कामास जोडलेला. आजचा आपला ‘आयुक्त’ त्याच ‘युज्’ धातूचा वंशज. बैल जुवास जुंपावा तसा कामास जुंपलेला, असा त्याचा अक्षरार्थ आहे. कौटिल्याच्या दुसऱ्या अधिकरणात सोन्याचा, शेतीचा, मद्याचा असे नाना अध्यक्ष आहेत. राजसेवक पैसा खातात तेव्हा ते ओळखणे किती कठीण, हे सांगताना त्याने पाण्यातील माशाचा दृष्टांत योजला आहे. सारांश, दोष जुना आहे. आजच्याच काळास नावे ठेवण्याचे कारण नाही.

पुढे आपल्या देशी फारसीचा अंमल आला आणि शब्द बदलले. कारकून म्हणजे काम करणारा, सरकार म्हणजे कामाचा प्रमुख, पेशवा म्हणजे पुढे असणारा. हुजूर हा शब्द तर मोठा मौजेचा आहे. अरबीत त्याचा अर्थ उपस्थिती. आपला ‘हजर’ त्याचाच सख्खा भाऊ. पुण्यातील हुजूरपागा म्हणजे खाशांच्या तैनातीतील घोड्यांची पागा. तेव्हा ज्यास हुजूर म्हणावयाचे तो निदान जागेवर असावा, एवढी अपेक्षा त्या शब्दाच्या पोटातच आहे. ‘साहेब’ हाही अरबी. मूळ अर्थ सोबती, मग धनी. आपण तो आऊसाहेब, दादासाहेब असा घरच्या वडील माणसांना लावून मायेचा केला, इंग्रजीत त्यास गोऱ्या कातडीचा वास आला, आणि आज तो कचेरीतील खुर्चीस चिकटून राहिला आहे.

शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, आणि १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत झाला. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, १९६४च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली, आणि इंग्रजी पदनामांस मराठी पर्याय देण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. कलेक्टर, म्हणजे गोळा करणारा, तो जिल्हाधिकारी झाला. शिक्षणाधिकारी, मुख्याधिकारी, गटविकास अधिकारी असा परिवार वाढत गेला. हे काम अगत्याचे होते, आणि चांगलेही झाले. परंतु एक गंमत पाहावी. ‘अहो जिल्हाधिकारी’ असे कोणी म्हणत नाही. समोरासमोर आपण ‘साहेब’च म्हणतो. म्हणजे कागदावर संस्कृत शब्द आला, पण तोंडात आणि मनात जुना धनीच बसून राहिला. अधिकारी हा शब्द वापरतानाही आपल्या मनातला अर्थ ‘साहेब’ हाच असतो.

अलीकडचे एक उदाहरण देतो. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव देण्याचा निर्णय घेतला. त्या मंडळींच्या श्रमांविषयी मला आदर आहे. खेड्यातील शाळेत असताना जन्ममृत्यूच्या नोंदींपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळा भार एकाच माणसाच्या अंगावर पडलेला मी पाहिला आहे. त्यांस मान मिळावा, यात वाद नाही. खेद एवढाच की, मान देण्यासाठी ‘सेवक’ पुसून ‘अधिकारी’ लिहावे लागले. सेवक शब्दाची प्रतिष्ठा उरली नाही, हा दोष त्यांचा नव्हे, आपल्या सर्वांचा आहे. ज्या आयोगाच्या परीक्षेस आमचा मुलगा बसतो, त्याच्या नावात ‘लोकसेवा’ आहे, परंतु शेजारीपाजारी विचारतात ते, “अधिकारी केव्हा होणार?” असे. सेवक केव्हा होणार, असे अद्याप एकानेही विचारलेले नाही.

येथवर बोलणे सुखाचे होते. सूनबाईंनी मग विचारले, “पण बाबा, अधिकार म्हणजे योग्यता, असे तुम्ही म्हणता. ती योग्यता ठरवणार कोण?” या प्रश्नावर मला थोडा वेळ गप्प बसावे लागले, कारण या शब्दाची काळी बाजू तेथेच आहे, आणि ती आपल्याच घरांशी निगडित आहे.

जैमिनींच्या त्याच सहाव्या अध्यायात स्त्रीला पतीच्या बरोबरीने यज्ञाचा अधिकार आहे, असा निर्णय केला आहे. तेथेच शूद्रांस मात्र तो नाकारला आहे. बादरी नावाच्या आचार्याने सर्वांसच अधिकार असावा, असे मत मांडले होते. ते मत सूत्रांत नोंदलेले आहे. पण स्वीकारलेले नाही. जो शब्द अंगच्या सामर्थ्यासाठी आणि ज्ञानासाठी होता, तो जन्मावर नेऊन बसवला गेला. ज्ञान नाही म्हणून अधिकार नाही, आणि अधिकार नाही म्हणून ज्ञान द्यावयाचे नाही, असे ते वर्तुळ पुरे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापुरात शाहू छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्र म्हणण्यास पुरोहिताने नकार दिला, तो वाद याच एका शब्दावर होता. त्या वेळी राजारामशास्त्री भागवतांसारखा विद्वान ब्राह्मण महाराजांच्या बाजूने उभा राहिला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु समोरच्या बाजूस आपल्यापैकी किती जण होते, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या विश्रांतवाडीतून आळंदीचा रस्ता जातो. दरवर्षी ज्येष्ठ वद्यात ज्ञानोबांची पालखी याच रस्त्याने पुण्यास येते. वारकऱ्यांस पाणी देण्यासाठी आमच्या घरची मंडळी पहाटेपासून रस्त्याच्या कडेला उभी असतात. संन्याशाची मुले म्हणून ज्या भावंडांस मुंजीचा अधिकार नाही असे सांगण्यात आले, अशी परंपरेची कथा आहे, त्यांतील एकाने शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. पुढे तुकोबांनी एका अभंगात हाच ‘अधिकार’ शब्द घेऊन तो सर्व वर्णांस, स्त्रियांस आणि मुलांसही खुला असल्याचे सांगितले. पंडितांनी ज्या शब्दाने दार लावले होते, त्याच शब्दाने या वाण्याने ते उघडले. व्याकरण शिकलेल्या माझ्यासारख्या माणसास याहून मोठा धडा नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी एका गावच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. आठवीत मुलांनी हिंदी की संस्कृत, हे ठरवावयाचे असे. एक मुलगी संस्कृतासाठी माझ्याकडे आली. तिची आई गावात चार घरची धुणीभांडी करी. मी तिला कठोरपणे नव्हे, चांगले हसून सांगितले, “बाळ, घरी तुला कोण शिकवणार? हा विषय तुझ्या अधिकारातला नव्हे.” ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “सर, अधिकार कुठे मिळतो?” त्या प्रश्नाचे मला इतके हसू आले की, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी तो विनोद म्हणून सांगितला. मुलीने हिंदी घेतले. पुढे तिचे काय झाले, मला ठाऊक नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर आज मला देता येते. संस्कृताचा अधिकार संस्कृत शिकून मिळतो. आणि शिकवणारा मी होतो. मीमांसेच्या कसोटीने पाहिले तर तिच्याजवळ इच्छा होती, सामर्थ्य होते. ज्ञान तेवढे नव्हते, आणि ते देण्यासाठीच मला पगार मिळत होता. शाळेच्या कागदपत्रांत त्या विषयाचा अधिकारी मी होतो. त्या दिवशी त्या खोलीत अनधिकारी कोण होता, हे वाचकांस सांगावयास नको. खिडकीतील त्या गृहस्थाने मला जे विचारले, ते मी त्याच्या कितीतरी आधी एका तेरा वर्षांच्या मुलीस विचारून बसलो होतो. फरक इतकाच की, मी हसून विचारले होते.

हे ऐकून घरात कोणी काही बोलले नाही. मग पुतण्याने विषय पुन्हा कचेरीवर आणला. “काका, तुम्ही ज्या खिडकीपाशी उभे होता, तिच्या आसपास एखादा फलक होता का?” मी म्हटले, “असेल, वाचला नाही.” तेव्हा त्याने मला जे सांगितले, ते वाचकांसही उपयोगी पडेल. महाराष्ट्रात २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यान्वये अधिसूचित झालेली प्रत्येक सेवा किती दिवसांत द्यावयाची, ती देणारा ‘पदनिर्देशित अधिकारी’ कोण, आणि त्याने दिली नाही तर अपील कोणाकडे, हे कचेरीने फलकावर लावावयाचे असते. त्याआधीचा २००५चा माहितीचा अधिकार अधिनियम तर साऱ्या देशास लागू आहे. त्यात आपल्या शब्दाची दोन्ही रूपे समोरासमोर उभी आहेत. अधिकार आहे तो नागरिकास. आणि ज्यास ‘जन माहिती अधिकारी’ म्हटले आहे, त्याच्यावर सामान्यतः तीस दिवसांत माहिती देण्याचे बंधन आहे. सबळ कारणावाचून विलंब केल्यास रोज २५० रुपये, अधिकाधिक २५ हजार रुपयांपर्यंत, दंड त्याच अधिकाऱ्यास होऊ शकतो.

मला हे ऐकून मोठा आनंद झाला. कायदा करणारांनी मीमांसा वाचली होती की नाही, कोण जाणे. परंतु शब्द त्यांनी नेमका जागेवर बसवला आहे. फळाचे स्वामित्व नागरिकाकडे, आणि कर्माचा भार अधिकाऱ्याकडे.

तेव्हा सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर असे. अधिकार हा शब्द एकटा कधीही वापरू नये. ‘अधिकारी’ म्हटले की लगेच ‘कशाचा?’ असे विचारावे. ‘दाखला देण्याचा’ असे उत्तर आले की ते काम झाले. तेथे मनुष्य कामावर आहे, माणसांवर नाही. उत्तर आलेच नाही, तर समजावे की शब्दातील अर्थ निघून गेला आणि टरफल उरले. आणि दुसऱ्यास ‘तुझा काय अधिकार?’ असे विचारण्यापूर्वी तोच प्रश्न एकदा स्वतःस विचारावा. मग तो विचारणारा खिडकीच्या आत असो, वर्गात फळ्यापुढे असो, की घरात देवघरापाशी असो.

पुतण्याने उठता उठता विचारले, “आणि काका, मी परीक्षा उत्तीर्ण झालोच नाही तर?” चार वर्षे सगळे घर त्याला ‘अधिकारी हो’ म्हणत आले आहे, आणि त्या आशीर्वादाचे ओझे किती होते, हे मला त्याच्या आवाजावरून त्या दिवशी प्रथम कळले. मी म्हटले, “तर एक पद तुला मिळणार नाही, इतकेच. मला पद मिळाले होते, तरी मी एकदा अनधिकारी ठरलो. जे काम हाती घेशील त्याचा अधिकारी हो. मग पाटीवर नाव असो वा नसो.” त्याच्या आईने डोळ्यांस पदर लावला, आणि तो विषय तेथेच थांबला. त्या दिवसापासून घरात त्यास ‘अधिकारी’ म्हणून हाक मारण्याचे आम्ही सगळ्यांनी बंद केले आहे.

आठ दिवसांनी मी पुन्हा त्या कचेरीत गेलो. फलक होता, गृहस्थांच्या खुर्चीच्या बरोबर मागे, भिंतीवर. माझ्या दाखल्याची मुदत उलटून सहा दिवस झाले होते. मी नम्रपणे तिकडे बोट दाखवले. त्यांनी मागे वळून पाहिले, आणि मला वाटते, तो फलक त्यांनीही त्या दिवशीच प्रथम वाचला. पाठीमागे चाळीसएक माणसांची रांग होती, आणि खिडकीत ते एकटे होते, हेही मला त्या दिवशी दिसले. पहिल्या खेपेस रागाच्या भरात दिसले नव्हते. “परवा या,” ते म्हणाले. मी गेलो आणि दाखला मिळाला. निघताना मी त्यांस ‘साहेब’ म्हटले नाही. नाव विचारले आणि नावाने आभार मानले. ते थोडे हसले.

आपल्या घरी ‘अधिकार’ हा शब्द कोण, केव्हा आणि कोणास उद्देशून वापरतो, हे वाचकांनी महिनाभर ध्यानात ठेवावे, आणि काही विशेष आढळल्यास अवश्य कळवावे. असो.